ईटमधला जपानी सरदार

१२ मे. आज खालच्या दोन खोल्या आवरायच्या आहेत. घरमालक अण्णांचा मुलगा उद्या सकाळी टेम्पो घेऊन येणार आहे, आणि त्याआधी सामानाचे तीन ढीग लावून ठेवायचं काम माझ्याकडं आलंय: न्यायचं, टाकायचं आणि विचारायचं. दुपारी एकपर्यंत पहिले दोन ढीग लागले. विचारायच्या ढिगात एकच वस्तू उरली, ती म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्यात एकाच माणसाची, जलरंगात काढलेली एकशे अठ्ठेचाळीस चित्रं आहेत. माणूस जपानी. चारशे वर्षांपूर्वीचा सरदार.

मुलाला फोन लावला. तो पुण्याहून निघून बार्शीला सासरवाडीत थांबलाय.

"आजच येणार होतो ताई," तो म्हणाला, "पण संध्याकाळनंतर गाडी चालवायला हल्ली नको वाटतं. सकाळी टेम्पोवाल्याबरोबरच येतो."

"बरं झालं. तोपर्यंत माझं आवरून होईल. चित्रांचं काय करू?"

"बाबांच्या त्या जपान्याची? वाळवी लागली असंल तर जाळून टाका. न्हाय तर तुम्हीच ठेवा एखादं, आठवण म्हणून."

एखादं ठेवायला माझी हरकत नाही. अडचण एवढीच आहे, की त्यातल्या निम्म्याअधिक चित्रांत हनुवटी माझी आहे. मिशी त्याची, चिलखत त्याचं, हनुवटी माझी. असलं चित्र भिंतीला लावून त्याच्याखाली पोळ्या लाटणं मला जमणार नाही.

मी सरकारी नोकरीत डोळे तपासते. गावोगाव शिबिरं घ्यायची, मोतीबिंदू हुडकायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, शाळेतल्या पोरांना फळा दिसतो का ते बघायचं, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वी भूम तालुक्यात बदली झाली तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी ती आणि नवरा लातूरलाच राहिले, आणि मी ईटला अण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं आले. अण्णा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. गावात त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. मोजणीवाले अण्णा म्हटलं की पुरे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्याच्या तोंडाशी थांबवून सांगितलं, "चौदा पायऱ्या हायत. नववी अर्धा इंच उंच हाय. समदी तिथंच अडखळत्यात."

मी म्हटलं, "मी नाही अडखळत." आणि मिक्सर हातात घेऊन नवव्या पायरीवर पडले. मिक्सरचं झाकण फुटलं. अण्णा खालूनच म्हणाले, "सांगितलं व्हतं." मदतीला आले नाहीत. मला तो माणूस तिथंच आवडला.

ते सगळं मोजायचे. नळापासून माझ्या दारापर्यंतची पावलं, चहाच्या भांड्यातलं पाणी, कुत्र्याची साखळी. बाजारात दोरी घेतली तरी दुकानदारासमोर वितीनं मोजायचे, आणि दुकानदार वैतागून पदरची वीतभर जास्त द्यायचा, ती हे परत करायचे. त्यांचं एक वाक्य होतं, "नजरेचा अंदाज म्हंजे खोटं बोलायची पहिली पायरी." हे वाक्य ते डोळे तपासणाऱ्या बाईला ऐकवायचे. मला त्यात फक्त विनोद दिसायचा.

निवृत्त झाले तरी लोक त्यांना शेतात बोलवून न्यायचे. दोन भावांत बांधावरून कुरबुर सुरू झाली की तालुक्याला अर्ज करायच्या आधी अण्णांना विचारायची रीत होती. अण्णा जायचे, चपला काढायचे, जुन्या बाभळीपासून पावलं टाकत चालायचे आणि थांबून म्हणायचे, "हितं खणा. हात-दीड हातावर हद्दीचा दगड लागंल." लागायचा. मग दोन्ही भाऊ गप्प. अण्णांच्या तोंडून जे निघालं त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. आसपासच्या पाचसहा गावांत त्यांची इस्टेट म्हणजे हा शब्द.

आता सरदाराकडं येते.

नोकरीत असताना नकाशे हातानं रंगवायचा अण्णांना सराव होता. नाल्याला निळा, रस्त्याला तांबडा, असे पातळ रंग कागदावर न सांडता फिरवायचे. निवृत्तीनंतर रंगांची डबी आणि तीन कुंचले तेवढे हाताशी राहिले. रंगवायला काही नव्हतं. अशात कुणीतरी ट्रॅक्टरच्या दुकानातलं एक क्यालेंडर त्यांना आणून दिलं. बारा पानं, बारा जपानी चित्रं. एका पानावर काळ्या चिलखतातला हा सरदार, शिरस्त्राणावर ही एवढी मोठी सोनेरी चंद्रकोर. खाली बारीक इंग्रजीत माहिती होती. अण्णांनी ती हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडून वाचून घेतली. सरदाराला लहानपणी देवी आल्या, त्यात उजवा डोळा गेला. तरी मोठेपणी त्यानं लढाया मारल्या, शहर वसवलं. मरताना मात्र सांगून गेला की माझं चित्र काढाल तर दोन्ही डोळे दाखवा. आईबापांनी दिलेल्या देहात उणं दिसायला नको. म्हणून क्यालेंडरातल्या चित्रात दोन डोळे होते.

अण्णांनी पहिलं चित्र काढलं ते उजवा डोळा मिटलेलं.

"अहो, पण त्यानं दोन काढा म्हणून सांगितलंय ना?" मी विचारलं.

"सांगू दे. जे जाग्यावर न्हाय ते नकाशात दाखवायचं न्हाय."

सरदाराचं नाव लांबलचक होतं. अण्णा ते रोज म्हणायचे आणि रोज वेगळं म्हणायचे. मला ते कधीच नीट आलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

गावाला हे वेड समजायला वेळ लागला. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "अण्णा, काढायचंच हाय तर महाराजांचं काढा की. ह्यो परका कशाला?"

अण्णांचं उत्तर तयार असायचं. "महाराजांचं नाक जरा हुकलं तर तुम्ही मला गावात ठिवताल का? ह्याचं एकबी पाव्हणं भूम तालुक्यात न्हाय. कितीबी चुकलं तरी भांडायला कोण येत न्हाय."

एकदा चित्र वाळायला ओसरीवर टेकवून ठेवलं होतं. दळण घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, डबा खाली ठेवला, हात जोडले. "कोण द्येव म्हणायचा ह्यो?"

"द्येव न्हाय मावशी. सरदार हाय. लांबचा."

"लांबचा म्हंजी? तुळजापूरकडचा?"

"त्येच्याबी पलीकडचा."

"आस्सं," म्हणून तिनं पुन्हा एकदा हात जोडले. पलीकडचा असला म्हणून काय झालं.

हनुवटीचं प्रकरण दुसऱ्या वर्षातलं. मी रविवारी कपडे वाळत घालत होते. अण्णांनी खालून हाक मारली, "ताई, जरा येऊन खुर्चीवर बसता का? हनुवटी पायजे."

"कुणाला?"

"सरदाराला. क्यालेंडरात त्येच्या हनुवटीवर चहा सांडलाय माझ्या हातनं."

"मग माझीच कशाला?"

"अशी हनुवटी गावात दुसरी न्हाय. कुणाचंच ऐकायची न्हाय अशी."

ही स्तुती आहे असं मी धरलं आणि बसले. नुसतं बसून भागलं नाही. सावली कशी पडते ते बघायला त्यांनी मला माझं स्कूटीचं हेल्मेट घालायला लावलं, आणि हेल्मेटला पुढून पुठ्ठ्याची चंद्रकोर दोऱ्यानं बांधली. अशी मी मे महिन्यातल्या सकाळी, साडी नेसून, चंद्रकोरीचं हेल्मेट घालून, गुडघ्यांवर मुठी ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड तास बसले. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून बघितलं.

"ताई, कुठं निघालाव?"

"कुठं नाही. बसलेय."

"हेल्मेट घालून?"

"अण्णा चित्र काढतायत."

काकूंनी जरा विचार केला. "बरं हाय. पडलाव तर डोस्कं तरी सलामत ऱ्हाईल."

आता मी स्वतःला हुशार समजायचे त्या भागाकडं येते. तो मला टाळता आला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी माझा अक्षरांचा तक्ता, भिंतीला लावून डोळे तपासतो तो, स्कूटीवरून घसरून नाल्यात पडला. दोरी मीच नीट बांधली नव्हती. नवीन येईपर्यंत काय करायचं म्हणून मी चिडचिड करत होते. अण्णा म्हणाले, "म्या काढून देतो. कुठल्या वळीत किती उंचीचं अक्षर ते सांगा." मी मापं दिली. आठ दिवसांत त्यांनी असा तक्ता काढला, की छापलेला त्याच्यापुढं फिका. जाड कागद, मागं कापड चिकटवलेलं, काळी शाई, प्रत्येक अक्षर मापात. मी तो पाच वर्षं वापरला. नवीन मागवायचं राहूनच गेलं. शिबिरात लोक विचारायचे, कुठं मिळाला. मी ऐटीत सांगायचे, आमच्या अण्णांनी काढलाय.

आणि दर दिवाळीला, घरमालकाशी माणुसकी म्हणून, मी अण्णांचे डोळे तपासायचे. ओसरीवर खुर्ची टाकायची, समोरच्या भिंतीला तोच तक्ता लावायचा. आमची पद्धत ठरलेली: आधी उजवा डोळा, डावा तळहातानं झाकायचा; मग उलट. अण्णा उजव्या डोळ्यानं वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधड वाचायचे. शेवटची ओळसुद्धा, जी तालुक्यात फार थोड्यांना वाचता येते. मी वहीत सहा-सहा, म्हणजे पूर्ण नजर, असं लिहायचे आणि म्हणायचे, "अण्णा, विशीतल्या पोराचे डोळे आहेत तुमचे."

"खाल्ल्यालं अंगाला लागलंय," अण्णा म्हणायचे.

ज्यानं तक्ता काढला त्याला मी तोच तक्ता वाचायला लावत होते. पाच दिवाळ्या. हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. बॅटरी मारून बाहुली बघायला दहा सेकंद लागतात. मी अनोळखी माणसाला ती दहा सेकंद कधी चुकवली नाहीत. अण्णांना चुकवली, कारण ते घरचे.

बाकीच्या खुणाही रोज समोर होत्या. चहा ओतताना अण्णा कपाच्या कडेला बोट लावून ठेवायचे. मी त्यांना त्यावरून टोकायचे, "अण्णा, बोट काढा, घाण असते नखात." कुंचला पाण्यात बुडवायच्या आधी भांड्याच्या काठाला दोनदा टेकवायचे, मला वाटायचं, ही कलावंताची लकब. बोलताना मान जराशी उजवीकडं वळवून बसायचे. मला वाटायचं, ऐकू कमी येतंय, आणि मी मोठ्यानं बोलायचे. मला कायम त्यांच्या डाव्या हाताला बसवायचे. मला वाटायचं, मान देतायत. एका डोळ्यानं बघणाऱ्या माणसाला कप किती लांब आहे ते कळत नाही, हे मी आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात शिकवते. तक्त्यावर चित्र काढून शिकवते.

सरदार लहान होत चालला, तेही मी बघितलं. सुरुवातीच्या चित्रांत तो कागदभर असायचा, चंद्रकोरीची टोकं कडेला लागायची. मग हळूहळू आखडत कागदाच्या मध्यावर आला. शेवटी तळहाताएवढा. मी विचारलंसुद्धा, "अण्णा, सरदारांना उपास घडतोय का?"

"एका नजरेत मावंल येवढाच काढतो," अण्णा म्हणाले. एवढं स्पष्ट सांगूनही मी मोठ्यानं हसून वर निघून गेले.

शेवटी नवा छापील तक्ता आला. दिवाळीच्या चार दिवस आधी. अण्णा पेपर वाचून नुकतेच खुर्चीत टेकले होते. मी म्हटलं, "चला, यंदा नव्या तक्त्याचं उद्घाटन तुमच्या डोळ्यांनी." पद्धत त्यांना पाठ होती. मी गुंडाळी सोडून तक्ता खिळ्याला अडकवायच्या आतच त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला, मान ताठ केली आणि वाचायला लागले. वरचं अक्षर. दुसरी ओळ. तिसरी. खणखणीत आवाजात, न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यातलं एकही अक्षर नव्या तक्त्यावर नव्हतं. सगळ्या तक्त्यांवर अक्षरं तीच असतात असं धरून ते त्यांचा स्वतःचा तक्ता म्हणून दाखवत होते.

अण्णांना माझं "छान" ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी हात काढला, डाव्या डोळ्यानं तक्त्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. मी आत जाऊन बॅटरी आणली. उजव्या बाहुलीवर उजेड टाकला. ती हललीसुद्धा नाही.

"किती दिवस झाले?"

"नोकरीतच गेला. पन्नाशी व्हायच्या आत."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"मलाच लई उशिरा कळलं. मोजणी करताना लांबच्या झेंडीवर नेम धरायला पट्टीच्या फटीतून एक डोळा मिटूनच बघायचं असतंय. म्या उजवा मिटायचो. मिटल्याला डोळा गेला काय अन् राहिला काय." मग माझ्याकडं बघून त्यांनी घाईनं सांगितलं, "मोजण्या समद्या बरोबर हायत, ताई. एकबी चुकल्याली न्हाय."

डोळ्यातला दाब बघितला. डाव्याचाही वाढलेला. काचबिंदू, ज्याला गावात काळा मोतीबिंदू म्हणतात. दुखत नाही, लाल होत नाही. मागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेनं नाहीशी होते. मधली शेवटी जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली राखता येते, पण त्यासाठी मोठ्या डॉक्टरकडं जावं लागतं, आणि अण्णा जायला तयार होईनात.

"का पण? डावाही जाईल. काय करणार मग?"

"गावाला कळलं म्हंजे? एक डोळ्याचा मोजणीवाला म्हणत्याल. तीस वर्षांचे बांध उकरून काढत्याल लोक. म्हणत्याल, आंधळ्यानं दावल्याला दगड हाय, पुन्हा मोजा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् पोराला कळलं तर त्यो मला पुण्याला न्हील. आठव्या मजल्यावर. तिथं मोजायला काय हाय?"

कागदावर त्यांनी सरदाराचा गेलेला डोळा दीडशेवेळा खरा दाखवला, आणि ओसरीवर स्वतःचा गेलेला डोळा लपवत बसले. सरदारानं मरताना मागितलं ते अण्णा जिवंतपणी करत होते. हे तेव्हा सुचलं असतं तर बरं. तेव्हा मी फक्त ओरडले.

ओरडून उपयोग झाला नाही म्हणून सौदा केला. मी कुणाला सांगायचं नाही, गावात नाही आणि मुलाला तर मुळीच नाही. बदल्यात त्यांनी सोलापूरच्या डॉक्टरकडं यायचं आणि सांगतील ते थेंब जन्मभर घालायचे. लोकांना सांगितलं, मोजणी खात्याच्या जुन्या माणसाच्या घरी लग्न आहे. दोघं एसटीनं गेलो. डॉक्टरांनी तपासून थेंब दिले आणि निघताना म्हणाले, "हा आजार रक्तात असतो. मुलांना तपासून घ्या."

"घेतो की," अण्णा म्हणाले.

"घेऊ," मीही म्हणाले.

थेंब अण्णांना स्वतःला घालता यायचे नाहीत, कपाळावर पडायचे. मग रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मी खाली जाऊन घालायचे. तीन वर्षं. त्या वेळी ते मला गाव सांगायचे. कुणाच्या विहिरीची जागा कुणाच्या गट नंबरात आहे, येडशीच्या डोंगराकडं मोजणीला गेलो तेव्हा रानडुकरानं तीन पायांवरचा मोजणीचा फलकच कसा पाडला, असलं. डावा डोळा टिकला. चित्रं तळहाताएवढीच राहिली, पण त्याहून लहान झाली नाहीत. मागच्या थंडीत हृदयविकारानं गेले, सकाळी सव्वासहाला, थेंब घातल्यावर पंधरा मिनिटांनी. शेवटपर्यंत बाभळीपासून पावलं मोजत होते आणि दगड लागत होते.

आज ही चित्रं जाळायची का ठेवायची ते ठरवायला पेटी उघडली, आणि एक चित्र हातातून पालथं पडलं. मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख आणि दोन आकडे. सगळ्याच चित्रांच्या मागं होते. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते कागदाचं माप. पहिल्या चित्रामागं मात्र त्यांनी खात्याच्या सवयीनं पद्धतही लिहून ठेवली होती: "भिंतीवरचा ठिपका बघत, हात लांब करून दोन फुटी पट्टी आडवी धरणे. दिसतील तेवढे इंच लिहिणे."

आपल्या नजरेचा घेर मोजून ठेवला होता माणसानं. ज्या तपासणीसाठी आम्ही लोकांना सोलापूरला पाठवतो ती पट्टी आणि ठिपक्यावर घरी केली होती.

जेवायचं सोडून मी चित्रं तारखेप्रमाणं फरशीवर लावली. उजवा: पहिल्यापासून शून्य. डावा: चोवीस, पुढं लिहिलेलं "पट्टी संपली". मग बावीस. एकोणीस. पंधरा. माझ्या हनुवटीच्या वर्षी तेरा. ज्या दिवाळीला मी पहिल्यांदा विशीतल्या पोराचे डोळे म्हणाले त्या महिन्यात अकरा. मग साडेनऊ. नऊ. आणि थेंब सुरू झाल्यावर नऊ, नऊ, नऊ, पावणेनऊ, नऊ, शेवटच्या चित्रापर्यंत.

मी फरशीवर बसून हिशेब केला तो वेगळाच. उजवा डोळा पन्नाशीच्या आत गेला. मुलगा आता सत्तेचाळीस. आणि मघाशीच तो मला फोनवर म्हणाला होता, की संध्याकाळनंतर गाडी चालवायला नको वाटतं. मी त्यावर काय म्हणाले? बरं झालं, तोपर्यंत माझं आवरून होईल.

प्रत्येक शिबिरात माईक हातात घेऊन मी सांगते, घरात एकाला काळा मोतीबिंदू असेल तर सगळ्यांनी तपासा, लाजू नका, लपवू नका. तोंडपाठ आहे मला. आणि ज्या एका घरात मी राहते तिथं तीन वर्षं गप्प बसले. अण्णा असेपर्यंत शब्द दिला होता, हे मान्य. पण अण्णा थंडीत गेले, आणि आता मे उजाडलाय. या सहा महिन्यांत मुलगा दोनदा येऊन गेला, आणि मी त्याला घरपट्टीची पावती कुठं आहे ते दाखवलं.

लगेच फोन उचलला आणि ठेवला. फोनवर सांगितलं तर हा म्हणेल, पुण्याला गेल्यावर बघतो. आणि बघणार नाही, कारण बाप कोण होता ते मला माहीत आहे. अण्णांनी मला शब्दात बांधलं तो दगड चुकीच्या जागी रोवलेला होता, असं म्हणायचा मोह होतो. पण तो रोवताना दुसरं टोक मीच धरलं होतं.

चित्रं पेटीत भरली. शिबिराची बॅग उघडून दाब मोजायचं यंत्र स्पिरिटनं पुसून ठेवलं. भुलीच्या थेंबांच्या बाटलीवरची तारीख बघितली. मग न्यायच्या ढिगात बांधून ठेवलेली अण्णांची लोखंडी कॉट सोडून परत मांडली.

१३ मे. साडेआठला टेम्पो आला. मुलगा उतरला, हात जोडले, सामानाकडं बघून म्हणाला, "ताई, लई केलंत तुम्ही. आधी काय चढवू?"

"काही नको. आधी कॉटवर आडवे व्हा."

"कोण, मी?"

उभ्या उभ्याच सांगितलं. बाबांचा उजवा डोळा कधी गेला, डावा कसा राहिला, हे रक्तात असतं, आणि तुमची तपासणी तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. पाच वाक्यं झाली. तो लाल झाला.

"बाबांनी सांगितलं न्हाय, ते समजू शकतो. तुम्हीबी?"

"मीही."

"तुमचं तर कामच हाय हे!"

"हो."

तो चष्मा काढून कॉटवर आडवा झाला. मी दोन्ही डोळ्यांत भुलीचे थेंब टाकले, वर पंख्याकडं बघायला सांगितलं आणि यंत्र अलगद बुबुळावर टेकवलं. डोळा मऊ असला की काटा पुढं सरकतो. उजव्या डोळ्यावर ठीक सरकला. डाव्यावर जरासा हलला आणि अडला. पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा तिथंच अडला.

"किती हाय?" त्यानं विचारलं. बापाचाच मुलगा, आकडा पाहिजे.

"जास्त आहे. पण वेळेत आहे. नऊच्या आत निघालो तर धाराशिवला आजच डॉक्टर भेटतील."

मी चप्पल घातली, बाहेर गेले. टेम्पोवाला मागचा फाळका पाडून दोर सोडत उभा होता. त्याला म्हटलं, "फाळका लावा. सामान आज राहू दे. पुढं तुमच्या शेजारी दोन माणसं बसतील का?"